बरोबर चाबी

मी बाळंतपणाच्या कळांनी वाकले होते आणि एकोडीचा सायकल मिस्त्री पान्यांच्या डब्यात फ्रीव्हील खोलायची चाबी शोधत होता. नवरा मला सायकलवर साकोलीच्या दवाखान्यात नेत होता. वाटेत फ्रीव्हील बिघडलं. पायडल नुसतं फिरे, चाक हलेना.

मिस्त्री एकेक चाबी बाहीला पुसायचा, लावून बघायचा, परत जागेवर ठेवायचा.

“अबे, छन्नी मार ना!” नवरा ओरडला.

“दाते तुटतीन. बरोबर चाबीच पायजे.”

मी म्हटलं, “भाऊ, फ्रीव्हील तारेनं स्पोकले बांधून दे. गावात तसंच चालवतेत.”

“बाईले काय समजते सायकलचं?” मिस्त्री म्हणाला.

कामात चोख होता, हे खरं. सगळ्या चाब्या संपल्यावर त्यानं तारच बांधली.

दवाखान्यात पोरगी मेलेलीच निघाली. मी वाचले.