गोड पिठाचे शेवटचे तीन आठवडे

माझी धाकटी काकू यीस्टच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत काम करायची. कुणी विचारलं, "म्हणजे नेमकं काय करता?" की ती म्हणायची, "सगळ्यात लहान कामगारांची भरती." लोक हसायचे, पण तिचं काम खरोखर तसंच होतं. साध्या पावाच्या पिठात जे यीस्ट जोमानं राबतं, तेच गोड बनच्या पिठात ढेपाळतं, कारण साखर त्याच्यातलं पाणी ओढून घेते. आणि मळलेलं पीठ गोठवून ठेवायचं म्हटलं तर बहुतेक यीस्ट मानच टाकतं. दोन्ही पिठांत चालेल आणि बर्फातूनही जिवंत बाहेर येईल, असं एकच यीस्ट काकूला हवं होतं. चार वर्षं ती यीस्ट गोठवत होती, वितळवत होती, त्यातून जे वाचेल ते वाढवून पुन्हा गोठवत होती. शेवटी एक्केचाळिसावा वाण टिकला.

मग त्याची चाचणी सुरू झाली. एकाच वजनाचे पिठाचे गोळे फ्रीझरमध्ये ठेवायचे, दर आठवड्याला एक काढायचा, काचेच्या नळीत घालायचा आणि तो किती वर चढतो ते वहीत लिहायचं. असे बारा आठवडे. साधं पीठ शेवटपर्यंत उत्तम फुगलं. गोड पिठाचे नऊ आठवडे झाले आणि एका शनिवारी काकूनं घाईघाईत फ्रीझरचं दार नुसतंच लोटलं. ते लागलंच नाही. सोमवारी पाहते तर उरलेले तिन्ही गोळे पिशवीत आंबून, फसफसून बसलेले.

सांगितलं असतं तर बारा आठवडे पहिल्यापासून मोजावे लागले असते. साहेबांनी तर यीस्ट बाजारात आणायची तारीखही वर कळवून टाकली होती. काकूनं गोळे केराच्या डब्यात टाकले, वर रद्दी दाबली आणि वहीत दहा, अकरा, बारा या रकान्यांत तीन आकडे लिहून मोकळी झाली.

"साध्या पिठाचे आकडे बघून लिहिले, थोडे कमी करून," पुढे ती मला म्हणाली. "आणि कमी केले याचंच मला समाधान वाटलं बघ. जणू तेवढा प्रामाणिकपणा पुरे."

यीस्ट बाजारात आलं. पाकिटावर छापलं होतं: साध्या आणि गोड पिठासाठी, बारा आठवडे.

आमची बेकरी आई चालवायची. धाकट्या जावेचं तिला भारी कौतुक. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती ते पाकीट दाखवायची, "आमच्या घरचं आहे हो!" त्याच सुमाराला तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. एका शाळेच्या खेळांच्या दिवसासाठी सहाशे बन द्यायचे होते, आणि तो दिवस आई वॉकर धरून चालत असतानाच येणार होता. म्हणून तिनं गोड पीठ आधीच मळून, गोळे करून गोठवून ठेवलं. मळलं पैलवानांनी. हे पैलवान म्हणजे काडीसारखे किडकिडीत गृहस्थ, एकवीस वर्षं आमच्याकडे पीठ मळणारे. त्यांना हे नाव कुणी दिलं कोण जाणे, पण त्यांना ते आवडायचं.

तो दिवस आला तेव्हा गोळ्यांना अकरा आठवडे झाले होते. पहिले ट्रे भट्टीतून निघाले. बन चपटे, दगडासारखे. दुसऱ्या खेपेलाही तेच. आई वॉकर सरकवत आत आली. मदतीला म्हणून काकू रजा टाकून आली होती, तीही तिथेच उभी.

"पैलवान, यीस्ट टाकलं होतं का?" आईनं विचारलं.

"टाकलं होतं, बाई."

"मग मीठ दोनदा पडलं असेल."

"एकवीस वर्षांत कधी पडलं नाही."

"मग काय यीस्ट खोटं? हिनं स्वतःच्या हातानं केलंय ते!"

सगळ्यांच्या नजरा काकूकडे वळल्या. पैलवान तिला म्हणाले, "ताई, तुम्हीच सांगा. अकराव्या आठवड्यात हे पीठ वर येतं ना?"

"येतं," काकू म्हणाली.

तेवढाच एक शब्द. पैलवानांनी एप्रन काढला, त्याची नीट घडी करून टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले. आईनं शाळेला फोन करून माफी मागितली. मुलांना त्या दिवशी नुसती बिस्किटं मिळाली.

चार दिवसांनी काकू आमच्या घरी आली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून मोकळी झाली. तिची मान वर होत नव्हती.  आई म्हणाली, "त्यानं तुला माझ्यादेखत विचारलं होतं गं."

"हो."

"आकड्यांचं एक वेळ समजू शकते मी. पण हे?"

 काकू तशीच पैलवानांच्या घरी गेली आणि हट्टानं मलाही बरोबर घेऊन गेली. एकटीनं गेले तर दारातून परत फिरेन, म्हणाली. पैलवानांच्या बायकोनं खुर्च्या मांडल्या, पाणी आणलं. पैलवानांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"चार दिवस मी आठवतोय," ते हळूच म्हणाले, "त्या सकाळी काय टाकलं, काय राहिलं. काल तर हिला म्हणालो, विसरलोच असेन मी. वय झालं."



दुसऱ्या दिवशी काकूनं वही साहेबांपुढे ठेवली. पाकिटं बाजारातून परत मागवली, बेकऱ्यांना पत्रं गेली. चाचणी पुन्हा झाली, ती दुसऱ्याच बाईंच्या हातून. गोड पीठ नवव्या आठवड्यानंतर भराभर ढासळत होतं. एकाच यीस्टकडून दोन्ही कामं होणार नाहीत हे तेव्हा कळलं. काकूची वही खरी असती तर तिनं ते आधीच सांगितलं असतं. तिला नव्या वाणांच्या कामावरून काढून दीड वर्ष नळ्या मोजायला बसवलं. ती एका शब्दानं कुरकुरली नाही. पुढे त्या कामावर परत घेतलं तेव्हा तिनं गोड पिठासाठी वेगळा वाण शोधायला घेतला. आता प्रत्येक आकड्यापुढे तिची आणि त्या दुसऱ्या बाईंची, अशा दोघींच्या सह्या असायच्या. तो नियम तिनंच मागून घेतला.

आईनं पैलवानांना सगळ्या कामगारांसमोर माफी मागून परत आणलं. ते आले. काकूशी अदबीनं बोलायचे, पण ताई म्हणणं बंद झालं. मॅडम झाली ती.

नवा वाण तयार झाल्यावर कारखान्यानं बाहेरही चाचणी घ्यायचं ठरवलं, तेव्हा पैलवान आपणहून म्हणाले, "आपल्याकडे ठेवू." पिशव्यांवर तारखा त्यांनी स्वतः घातल्या. बारावा आठवडा भरला त्या सकाळी आईनं काकूला बोलावून घेतलं. बन फुगून एकमेकांना टेकले होते. पैलवानांनी त्यातला एक वेगळा केला आणि तिच्यापुढे धरला.

"आलंय वर, मॅडम."

काकूनं बन घेतला. त्यांच्याकडे बघणं मात्र तिला जमलं नाही. अजूनही जमत नाही. ते दुकानात असले की ती मागच्या दारानं येते.