जगनदादांची चूक नव्हती

जगनदादा गेल्याचं मला शहाद्याच्या एस.टी. स्टँडवर एका ओळखीच्या कंडक्टरकडून कळलं. "मास्तर, तुमना माकडंवाला दादा गया ना," एवढं सांगून त्यानं घंटी ओढली आणि गाडी निघूनही गेली. दिवसकार्य होऊन तेव्हा आठवडा उलटला होता. खरं सांगायचं तर मला आधी हायसं वाटलं. आता ते मला पुन्हा विचारणार नव्हते... रडू नंतर आलं.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या काळी सातपुड्यातली लाल तोंडाची माकडं जाळ्यात धरून, पिंजऱ्यात कोंबून रेल्वेनं रवाना केली जात. कुठं परदेशात औषधं करायला लागतात म्हणे. त्यातली आजारी, मोडकी-तोडकी ठेकेदार स्टेशनाबाहेर टाकून देई. तापीकाठच्या खात्यापित्या गुजर घरातले जगनदादा ती बैलगाडीत घालून आणत. तोरणमाळच्या घाटाखाली त्यांचं शेत होतं, तिथल्या कापसाच्या गोदामाला जाळी ठोकून त्यांनी माकडांची सोय केली होती. भाऊबंद हसत. "केळी लावानं सोडी माकडं पाळतस," असं त्यांच्या तोंडावर म्हणत. दादा म्हणत, "केळीले मी काय बोलू? या निदान दात तरी काढतस."

मी शेजारच्या गावात मास्तर होतो. मुलं पावरा आदिवासींची, घरी पावरी बोलत, मी पुस्तकातलं मराठी. शाळा सुटली की दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नसे. दर रविवारी कोसभर चालत मी दादांकडे राबायला जाऊ लागलो. त्यांची रीत कडक होती. तोंड झाकेल असं डोक्यावरून गोणपाट घ्यायचं, टोपली आत ठेवायची आणि मागं न बघता निघायचं. नाव ठेवायचं नाही, हातानं भरवायचं नाही. जनावर बरं झालं की महिनाभर डबे बडवायचे, ढेकळं मारायची, माणूस दिसला की जनावर पळालं पाहिजे. मग ते डोंगरात सोडायचं. मी पहिल्या दिवशी जरा लाडानं चुचकारलं तर दादा गरजले, "मास्तर, हाई दोस्ती करानी जागा नही. त्यासले माणूस गोड लागना, की त्या मरनात!"

आणि मी तेच केलं. उजवा पाय आखडलेली एक मादी होती. ती कोपऱ्यात बसे, बाकीची तिला खाऊ देत नसत. एकदा मी गोणपाट मागं सारून तळहातावर भुईमुगाच्या शेंगा धरल्या. तिनं माझं बोट धरून एकेक शेंग उचलली... इतकी थंड, इतकी हलकी बोटं. पुढच्या रविवारी मी दिसताच ती लंगडत जाळीशी आली. माझी वाट बघणारं त्या सगळ्या मुलखात तेवढं एकच होतं. डबे बडवायची वेळ आली तेव्हा मी दादांना म्हणालो, "हिचं मी रोज शाळा सुटली की येऊन बघतो." दादांनी विश्वास ठेवला. मी तिला गोदामामागं नेऊन नुसताच डबा बडवत असे, आणि दुसऱ्या हातानं तिला शेंगा देत असे.

फाल्गुनात तिला सोडलं. पंधरा दिवसांत माकडं धरणारे जाळीवाले आले. वरच्या पाड्यावरचा एक पावरा सांगायला आला, तेव्हा मी तिथंच टोपल्या धूत होतो. तो म्हणाला, कळप कधीच पळाला होता. एकटी लंगडी पळाली नाही. हात पसरून माणसांकडे चालत गेली.

दादा नंदुरबार स्टेशनात दोन दिवस पिंजरा न् पिंजरा बघत फिरले. ती सापडली नाही. परत आले ते खचूनच. उरलेली माकडं सुधारली तशी सोडून दिली, नवं एकही आणलं नाही, जाळी उचकटली. "मन्ही रीतच खोटी व्हती," एवढंच बोलले. मी जवळ उभा होतो. माझी बदली झाली, लग्न झालं, पण दरवर्षी भेटलो की ते हटकून विचारत, "मास्तर, आपलं काय चुकनं व्हई?" आणि मी दरवर्षी म्हणालो, "काय की, दादा."

परवा दादांच्या पत्नीला, भाभींना, भेटायला गेलो. दादांची चार वर्षांची नात ओट्यावर खेळत होती. मी नेलेली शेवेची पुडी तिच्यापुढं धरली. ती जवळ आली, थांबली, जमिनीकडं बघत राहिली.

"खाली ठेवा मास्तर," भाभी म्हणाल्या, "ती हातमाईन लेत नही. तुमना दादाच इले दिनभर सांभाळेत, पन कधी हातनं काही दिधंच नही. मांडीवर बी लिधं नही. म्हनेत, मन्हा हातमाच खोट शे, ज्याले माया लावस त्यानं वाटोळं व्हस."

मी पुडी खाली ठेवली. आणि मग, तिथंच उभ्या उभ्या, सगळं सांगून टाकलं. शेंगा, रिकामा डबा, सगळं.   माझं संपल्यावर भाभी म्हणाल्या, "तेस्ले तवयच सांगं व्हतं तं..." आणि पुढचं गिळलं.

त्या वाकल्या, पुडी उचलून उघडली, मूठभर शेव तळहातावर घेतली आणि हात नातीपुढं केला. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. पोर कधी त्या हाताकडं, कधी आजीच्या तोंडाकडं बघत होती. भाभींनी हात मागं घेतला नाही.