गुंगीचं तेल

भांगेच्या झाडापासून काढलेलं, पण नशा न आणणारं तेल कुत्र्यांना दुखण्यावर देतात, हे मला कॉलनीतल्या कुत्रेवाल्या बायकांनी सांगितलं. स्वतःला कुत्र्याची 'मम्मा' म्हणवणाऱ्या, त्याच्या वाढदिवसाला केक कापणाऱ्या बायका. मला त्यांची शिसारी येते. तरी त्यांचंच ऐकलं. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये तेरा वर्षांची कुत्री सांधेदुखीने दिवसभर कण्हत होती, आणि नेहमीच्या गोळ्या तिच्या किडन्यांना सोसत नव्हत्या.

त्यांनीच सुचवलेल्या गुडगावच्या दुकानात मेणबत्त्यांचा मळमळवणारा गोड वास होता. विकणारी म्हणाली, "बिल्कुल नॅचरल है मॅम, बस दो-दो बूँद." बाटलीवर हिरवं पान आणि हसरा कुत्रा. आत काय आहे त्याचा कागद मागितला, तर तिने असं पाहिलं की मीच ओशाळले. इतक्या वर्षांच्या सरकारी नोकरीत कागद वाचल्याशिवाय सही केली नाही, आणि तिथे मुकाट्याने बाटली पर्समध्ये टाकली.

दुसऱ्याच दिवशी मला ऑफिसच्या कामाने पानिपतला जायचं होतं, दोन दिवसांसाठी. घरी सोळा वर्षांची मुलगी, दिल्लीतच जन्मलेली. तिला बजावलं, "सकाळ-संध्याकाळ दोन थेंब. गुंगी आली तर लगेच बंद कर आणि डॉक्टरांकडे ने."

मग तिकडून फोनवर उंटावरून शेळ्या हाकल्या.

"कशी आहे?"

"लडखडतेय यार. सूसू पण चादरीवरच केली."

पाय तर तिचे आधीपासूनच लटपटत होते. मी विचारलं, "गुंगी आलीय का?"

"नाही गं आई, बिल्कुल नाही. रडतेय ना."

"मग दे."

दुसऱ्या दिवशीही मी हेच विचारलं, तिने हेच सांगितलं आणि मी पुन्हा द्यायला लावलं.

परत आले तर कुत्री स्वतःच्या मुतात पडलेली. डोळे अर्धवट मिटलेले, उचललेली मान पुन्हा खाली पडत होती, आणि घशातून बारीक कण्हणं चालूच. जबड्याला तेलाचा चिकट थर, त्याला कोंबडीचा नकली वास. दिसत नाही का तुला, म्हणून मी मुलीवर ओरडले.

आम्ही दोघींनी कुत्रीला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळे तपासले. "अच्छा तेल हो, नाप के दो, तो कुछ कुत्तों को आराम मिलता है. इसमें तो लगता है नशेवाली भांग मिली है," असं म्हणून त्यांनी सलाईन लावायला घेतलं. माझी जीभ तरी थांबली नाही. "मैंने दोनों दिन इससे पूछा, गुंगी आई क्या. हर बार बोली, नहीं."

डॉक्टरांनी मान वर केली. "गूँगी? मतलब, इसकी आवाज बंद हुई क्या, ये पूछा आपने?"

"मला पण तेच वाटलं," मुलगी रडत म्हणाली. "ती गूँगी कुठे झाली होती, आई? सगळा वेळ तर आवाज करत होती."

हिंदीत गूँगी म्हणजे मुकी. माझी पोर दोन दिवस कुत्रीशेजारी बसून तिचा आवाज जातो का ते ऐकत होती. आवाज होता, म्हणून मी सांगितल्याप्रमाणे देत राहिली. दुकानाची, त्या तेलाची किळस आलीच होती. पण सगळ्यात जास्त किळस आली ती माझी. दोन दिवसांत एकदाही मी विचारलं नव्हतं, की बाळा, डोळे उघडे आहेत का तिचे.

चूक माझी, हे मी तिथेच म्हणाले. डॉक्टरांसमोर म्हणाले, हिंदीत.

कुत्री वाचली. तिसऱ्या दिवशी उठून पाणी प्यायली. नवीन औषध डॉक्टरांनी मुलीला समजावलं, माझ्याकडे पाहिलंही नाही. आता ते तीच देते. माझा हात बाटलीकडे गेला की शांतपणे म्हणते, "रहने दो, मैं देती हूँ." घरात माझ्याशी कधी हिंदीत न बोललेली मुलगी. "मराठीत बोल" असं मी तिला म्हणत नाही.