कापी, म्हणजे वही

नाशिक रोडला मला पोचवायला कोणी आलं नाही. घरात माणसं दोन, आणि त्यातल्या एकीचा पाय प्लॅस्टरमध्ये. खरं तर गाडीत तीच बसायला हवी होती. नागपूरला कागदकामाच्या वस्तूंचं मोठं व्यापारी प्रदर्शन भरणार होतं आणि आमच्या कुंदाने तिथे जायचं केव्हाच ठरवलं होतं. ती घरी स्क्रॅपबुकचे वर्ग घेते. म्हणजे जुने फोटो, बसची तिकिटं, वाळलेली पानं असं सगळं रंगीत कागदांवर मांडून आठवणींचे अल्बम करायचे. पण आठवडाभर आधी ती बाथरूममध्ये घसरली आणि 'तुम्हीच जा' अशी आज्ञा झाली. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेला मी. कात्रीशी माझा संबंध दुधाची पिशवी कापण्यापुरता.

निघताना तिने पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवलेला एक फोटो माझ्या बॅगेत अगदी तळाशी ठेवला.

"दाखवायचा फक्त. याला कोणता कागद, कोणता गोंद चालेल ते विचारायचं. जुना आहे, वाटेल ते लावलं तर पिवळा पडेल. आणि कडेला हात लावू द्यायचा नाही कोणाला."

कड म्हणजे काय ते मला माहीत होतं. कुंदाचं माहेर खाप्याचं, कन्हान नदीकाठचं. वडील हातमागावर लुगडी विणायचे. कुठल्याशा सरकारी पाहणीसाठी आलेल्या माणसाने त्यांचा मागावर बसलेला फोटो काढला. जवळ छोटी कुंदा. तिची आई शेजारी कांड्या भरत होती (मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालायची सुताची नळी, ती कांडी). फोटोवाला तिला म्हणाला, बाई, तुम्ही जरा बाजूला व्हा. ती झाली. पण नेमकी त्याच वेळी धोट्यातली कांडी संपली, आणि सवयीने तिने बाहेरूनच नवी पुढे केली. म्हणून फोटोच्या डाव्या कडेला एक हात आहे. दोन बांगड्या, बोटांत कांडी. पुढच्या वर्षी ती गेली. तिचा दुसरा फोटो नाही. हा हात, एवढीच कुंदाची आई.

गाडीत समोर एक वर्धेची बाई होती आणि तिची शाळकरी मुलगी. सकाळी उतरायच्या घाईत आई ओरडली, "अवं, कापी घेतली का बॅगेत? का मागच्यासारखी इसरली?" मुलगी म्हणाली, "हाव वं माय, घेतली." आणि एक लांबडी वही दाखवली.

आता, आमच्या कॉलनीच्या अंकात मी दरवर्षी प्रवासवर्णन लिहितो आणि परमुलखातला शब्द भेटला की कंसात अर्थ देण्याची मला भारी हौस. मी लगेच मोबाइलमध्ये टिपून ठेवलं: कापी (वही). नागपूरचा जावई असून इतकी वर्षं हा शब्द कसा निसटला याचं नवल वाटलं, आणि आता तो पकडला याचा अभिमानही.

नागपूर स्टेशनाबाहेर तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा, वर चिवडा. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी, दुसऱ्याला नाकातून. त्या बशीचे मी चार फोटो काढले, एक वरून, एक तिरका, दोन वाफेसकट, आणि घरच्या ग्रुपवर टाकले.

रिक्षावाल्याने विचारलं, "कुठी जाऊन राहिले, काका?"

"रामदासपेठ. कागदाचं प्रदर्शन आहे ना तिथे."

"कागदाचं? कागद पाहाले कोठून आले?"

"नाशिकहून."

"बाप्पा! काहून, तिकडे कागद भेटत नाही का?" आणि मग बराच वेळ स्वतःशीच हसत राहिला. मीही हसलो. त्याचं काही चुकत नव्हतं.

हॉलमध्ये शिरलो आणि माझी छाती दडपली. इतक्या बायका आणि इतका कागद मी एकत्र कधी पाहिला नव्हता. हल्ली म्हणे नवाकोरा कागद मागासलेला समजतात. एका दुकानात चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेले कागद होते, कडा मुद्दाम कुरतडलेल्या. आमच्या कार्यालयात असल्या फायली आम्ही लाज वाटून दडवत असू. दुसरीकडे पारदर्शक खिडकीआड टिकल्या आणि मणी खुळखुळणारी शुभेच्छापत्रं. एक डबा असा, की झाकण काढलं की चारी भिंती आडव्या पडतात आणि आतून फोटोच फोटो. विकणाऱ्या बाईने तो माझ्यासमोर उघडला तेव्हा मी दचकून मागे सरलो आणि लाखेचे शिक्के विकणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या पायावर पाय दिला. "आरामात, आरामात," ते म्हणाले. "पहिल्यांदा आले वाटते." पुरुष म्हणून मला तेवढाच आधार होता, तोही मी तुडवला.

एका ठिकाणी मात्र पाय थबकले. कागदी चिकटपट्टी, आणि तिच्यावर नागपुरी लुगड्याचा काठ छापलेला. लाल, मध्ये बारीक पांढरी नक्षी, हुबेहूब. सासऱ्यांना तेवढा काठ विणायला दिवस लागत असतील. इथे तो दातेरी पात्यावरून टर्रकन फाडायचा. मी दोन रिळं घेतली. कुंदाला आवडेल, की ती गप्प होईल, हे मला ठरवता येईना.

त्याच्या शेजारचंच दुकान पल्लवीताईंचं. पस्तिशीच्या, कपाळावर चष्मा, बोलणं इतकं भरभर की मला प्रत्येक वाक्याचा उत्तरार्धच ऐकू यायचा. त्यांच्याकडे कापायची यंत्रं आणि पंच होते. पंच म्हणजे मुठीएवढं एक यंत्र. खाली कागद सरकवून दाबलं की फुलपाखरू निघतं. लोकांना करून बघायला कात्रणांची एक टोपली भरून ठेवली होती. बायका टोपलीतून तुकडा उचलत, दाबत, आणि आपलं फुलपाखरू पर्समध्ये टाकून पुढे जात.

मी फोटो काढून दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला. "वा, काका! माग आहे हा. आमच्या उमरेडच्या आजीकडे होता असा." मग कोणता कागद जुन्या फोटोला चालतो, कोणता गोंद कडांना खातो, सगळं नीट सांगितलं. आणि म्हणाल्या, "पान बनवून देऊ का? डेमोमधेच करून देते, पैसे नाही. याची कापी आहे ना तुमच्याकडे?"

मला शब्द ओळखीचा वाटला. आजच सकाळी तो मी कंसासकट पकडला होता. कापी, म्हणजे वही. म्हणजे हे पान लावायला अल्बम आहे का, असं त्या विचारतायत.

"आहे ना!" मी म्हणालो. "घरी आहे. दोन आहेत."

"दोन? मग काय टेन्शन नाही. बिनधास्त करते."

"करा, बिनधास्त करा."

तेवढ्यात मोबाइल वाजला. कुंदाच होती. हॉलमधल्या गोंगाटात काही ऐकू येईना, म्हणून मी दाराबाहेर गेलो.

"दाखवला का?"

"दाखवलाय. फार चांगली बाई आहे. पान करून देतेय."

"कडेला हात लावू देऊ नका हं."

"अगं, मी आहे ना इथे," मी दाराबाहेर उभा राहून म्हणालो. त्यानंतर प्लॅस्टरला खाज सुटते, शेजारच्या काकूंनी भाजी दिली, असंही बोलणं झालं. ते बोलणं लांबवलं मीच. ऊन कोवळं होतं आणि मला छान वाटत होतं.

परत आलो तर पान तयार. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. मातकट कागद, कोपऱ्यात सुताची गुंडाळी, मधोमध सासरे मागावर आणि त्यांना टेकलेली कुंदा. फोटो अगदी चौकोनी, नेटका.

"पाहा काका. कडेला कोणाचा तरी हात येऊन राहिला होता मधे, तो काढून टाकला. आता कसा क्लीन दिसते!"

मला आधी कळलंच नाही. म्हणजे शब्द कळले, पण पोटात उतरले नाहीत. मग मी विचारलं, "ती पट्टी कुठे आहे?" माझा आवाज कसा आला असेल कोण जाणे, कारण पल्लवीताईंनी कपाळावरचा चष्मा एकदम डोळ्यांवर घेतला.

"टोपलीत टाकली. काहून? काय झालं?"

"हा मूळ फोटो आहे."

"पण काका, मी विचारलं तुम्हाले! कापी आहे का याची. तुम्ही म्हणाले, दोन आहेत घरी!"

"मला वाटलं, वही."

 पल्लवीताईंनी टोपली टेबलावर उपडी केली. आम्ही दोघं त्या ढिगात बोटं घालून शोधू लागलो. सोनेरी, गुलाबी, ठिपक्यांचे, पानाफुलांचे तुकडे. भोवतालच्या बायकांना वाटलं हाही एक डेमो आहे. एक-दोघी मोबाइलवर शूटिंगही करू लागल्या.

पट्टी सापडली. अरुंद, काळी-पांढरी. वर मागाच्या लाकडाचा तुकडा, खाली जमीन. आणि मध्ये, जिथे हात होता तिथे, फुलपाखराच्या आकाराचं भोक.

"आत्ता एक मॅडम होत्या इथे," पल्लवीताई पुटपुटल्या. "मोतिया साडीवाल्या." आणि टेबलाला वळसा घालून त्या गर्दीत धावल्या. मीही धावलो. मोतिया साड्या त्या हॉलमध्ये किती असाव्यात? प्रत्येकीला थांबवून 'तुमच्या पर्समध्ये फुलपाखरू आहे का' असं विचारणारा उतारवयातला माणूस लोकांना कसा दिसत असेल, याचा विचार मी नंतर केला. एकीने पर्स उघडून दाखवली. त्यात फुलपाखरू होतं, पण जांभळं.

परतल्यावर पल्लवीताईंनी पट्टी पारदर्शक पाकिटात घालून माझ्या हातात दिली. डोळे लाल झाले होते. "कोणाचा हात होता, काका?" मी सांगितलं.  मी निघालो तेव्हा त्यांनी पंच टेबलाखाली ठेवून दिला होता.

मुक्काम खापरखेड्याला, कुंदाच्या मोठ्या भावाकडे, रमेशभाऊंकडे. माग कधीच गेला; ते वीज केंद्रात लागले आणि आता निवृत्त होऊन तिथेच घर बांधून राहतात. दारातल्या तुळशीवर राखेचा पातळ थर असतो, तो ते रोज ओल्या फडक्याने पुसतात. ते पुसत असतानाच मी सांगून टाकलं. मला वाटलं, आधी भावाला सांगितलं म्हणजे बहिणीला सांगायचा सराव होईल.

त्यांनी हात पुसून पाकीट घेतलं. भोकातून पलीकडचं अंगण बघितलं.

"फोटोवाल्यानं एकदा बाजूले केलं होतं मायले," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा तुम्ही केलं, जावईबुवा."

मग हसले, मला बरं वाटावं म्हणून. ते हसणं मला जास्त लागलं. जेवताना त्यांनी सांगितलं की मायचा चेहरा त्यांनाही आता नीट आठवत नाही, "पण हात आठवते गा. कांडी भरताना बोटाले सूत कापे, तर तोंडात धरे." ताटात सांडगे होते, भाकरी होती. जेवण उरकून मी बाहेर मोबाइल काढून बघत बसलो, की न जाणो, कधीतरी सहज त्या फोटोचा फोटो काढला असेल. नातेवाइकांच्या लग्नातल्या पंगती निघाल्या, मांजर निघालं, तर्री-पोह्यांच्या चार बशा निघाल्या. 'एकदा स्कॅन करून ठेवू' असं आम्ही प्रत्येक दिवाळीत म्हणायचो. फराळ झाला की विसरायचो.

परतीच्या गाडीत मी वाक्यं जुळवत होतो. सगळी 'म्हणजे झालं असं' पासून सुरू व्हायची, पण त्यांचा शेवट नाशिकच्याही पुढे, इगतपुरीला असावा तसा लांबच राहायचा, आणि मी तर नाशिकलाच उतरणार होतो.

घरी कुंदा खुर्चीत, पाय स्टुलावर. मी आधी चिकटपट्टी दिली. तिने ती नखाने थोडी सोडवून बघितली, "काठ बरोबर आहे, नक्षी उलटी आहे," म्हणाली. मग पान दिलं. मग पाकीट.

 मी कापीची सगळी हकिगत सांगितली, गाडीतल्या मुलीपासून. ती ओरडेल अशी मी वाट बघत होतो. ओरडली असती तर मला काही करता आलं असतं; निदान मान तरी खाली घालता आली असती.

"आमच्याकडे दोन्हीले कापीच म्हणतात," ती शेवटी म्हणाली. लग्नानंतर इतक्या वर्षांनी ती नागपुरी फक्त तापात बोलते. "वहीलेही, अन् नकलेलेही. तुम्ही कंसात एकच लिहिलं."

मी म्हणालो, त्या भोकावर चिकटपट्टी लावू का, ती लुगड्याच्या काठाची? तिने नाही म्हणून मान हलवली. स्वतःच पान पुढे ओढलं आणि कापलेली पट्टी पुन्हा डाव्या बाजूला, जिथून निघाली होती तिथेच, रेषेला रेष जुळवून लावली. भोकातून खालचा मातकट कागद दिसत होता.

रविवारी तिचा वर्ग भरला. पान टेबलावर वाळत होतं. मी चहा घेऊन गेलो तेव्हा एक मुलगी त्यावर वाकून बघत होती.

"काकू, कित्ती गोड फुलपाखरू! कसं केलं?"

कुंदाने माझ्याकडे पाहिलं नाही. गोंदाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावत म्हणाली,

"काकांनी आणलं. नागपूरहून."