अकरा वाजताचा अंधार

मी फोटोग्राफर. डार्करूममध्ये एकट्याने आयुष्य काढलं, पण तिथे मला कधी काही दिसलं नाही की कसला भास झाला नाही. त्यामुळे कुणी असले अनुभव सांगायला लागलं की मी सरळ विषय बदलायचो. आज मीच लिहायला बसलोय...

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. चौक गावात हायवेलगत माझा स्टुडिओ होता. आसपास अपघात झाला की पंचनाम्याच्या फोटोंसाठी पोलीस मला बोलवायचे. मेव्हण्याने नुकताच मस्कतहून ऑटोमॅटिक कॅमेरा आणून दिला होता. आपण फिल्मच्या वेगाचा ASA आकडा लावायचा, बस्स — उजेड किती आहे आणि शटर किती वेळ उघडं ठेवायचं, हे तो स्वतःच ठरवायचा.

डिसेंबरात एक दिवस लोधिवलीहून निरोप आला. उभ्या ट्रकवर मागून सायकल आदळली, माणूस जागीच गेला. पोचल्यावर कळलं — आपला दत्तू! शाळेपासूनचा माझा मित्र. कुंभिवलीकडच्या कारखान्यात सकाळी सहाच्या पाळीला जायचा. त्याला पोस्टमॉर्टमसाठी खालापूरला नेलं होतं. वाकडी झालेली सायकल मात्र ट्रकमागेच पडलेली.

ड्रायव्हर जमादाराला सांगत होता, "साडेसात वाजले होते साहेब. लख्ख उजेड होता. पंक्चर झालं म्हणून गाडी उभी केली. हा पेंगत आला आणि धडकला."

दत्तूची बायको, कमळवहिनी, तिथेच उभी होती. "खोटं बोलतो हा! ते पाचलाच घरातनं निघाले, काळोख व्हता. याच्या गाडीचा मागचा दिवा लागला नसंल!"

"बाई, वाटेत उशीर झाला नसेल कशावरून? कुणी बघितलंय का?" जमादाराने विचारलं.

बघितलं कुणीच नव्हतं. सगळं त्या एका गोष्टीवर अडलं होतं — तेव्हा उजेड होता की अंधार.

मी कॅमेरा लावला. अकरा वाजलेले, डोक्यावर ऊन. बटण दाबलं. खट्... आणि शटर मिटेचना! मनात आठ आकडे मोजले, तेव्हा दुसरा खट् ऐकू आला. एवढा वेळ शटर उघडं म्हणजे कॅमेऱ्याच्या मते तिथे अंधार होता. मी कॅमेरा शेजारच्या शेताकडे वळवला — चुटकीसरशी फोटो निघाला. पुन्हा ट्रककडे, पुन्हा आठ सेकंद. असे चार फोटो काढले. शेवटी वैतागून जुना हाताने लावायचा कॅमेरा काढला आणि पोलिसांचं काम उरकलं.

खरं तर ते चार फोटो उन्हाने पांढरेफटक जायला हवे होते. कॅमेरा हातात धरलेला, म्हणजे हललेलेही. पण प्रिंट ट्रेमध्ये उमटू लागली तसा मी ट्रेवर वाकलो. फोटो स्वच्छ होते. तांबडं फुटायच्या आधीचा राखाडी अंधार. फोटो काढताना भोवती वीसेक माणसं उभी होती, फोटोत त्यातलं एकही नाही. पडलेली सायकल नाही. ट्रकचा मागचा दिवा विझलेला. आणि चौथ्या फोटोत, दूर रस्त्यावर, एक बारीक पिवळट ठिपका... नाही, चुकलो, फोटो ब्लॅक अँड व्हाइट होता. पण मला तो पिवळाच आठवतो.

दुसऱ्या दिवशी जमादाराला दाखवले. त्याने उलटसुलट करून बघितले. "हे तुम्ही दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी काढलेत. मित्र होता, समजू शकतो. पण असलं काही माझ्याकडे आणू नका."

कॅमेरा मुंबईच्या मेकॅनिकला दाखवला. दोन दिवस ठेवून घेऊन त्याने परत दिला. "एकदम ओके आहे, काय झालंय याला?"

प्रकरण मिटलं. चूक सायकलवाल्याची, असं ठरलं. ड्रायव्हर सुटला.

दहाव्यानंतर वहिनी स्टुडिओत आली. दाखवू नये असं वाटत होतं, पण लपवणंही जमेना. ती चौथा फोटो डोळ्यांशी धरून कितीतरी वेळ उभी राहिली. मग बोट त्या ठिपक्यावर ठेवलं.

"डायनामो हाय हा, भाऊजी. चाक फिरल्याबिगर लागत नाय. म्हंजी ते पेंगत नव्हते. पायडल मारत व्हते."

मी मान हलवली.

"मला हाच द्या," ती म्हणाली. "यात ते जिते हायेत."

फोटो पदराखाली धरून ती गेली. निगेटिव्ह माझ्याकडे अजून आहे. जाणकारांना दाखवली, भांडलो, वाचलं... भर उन्हात त्या कॅमेऱ्याने कुठला अंधार मोजला, हे मला आजपर्यंत कुणी सांगू शकलेलं नाही.