टाचणी मास्तरांचा झगा

टाचणी मास्तरांच्या ओठांत सदा टाचण्या. गिऱ्हाइकाला कोट चढवायचा, आपण खाली उकिडवं बसायचं आणि ओठांतली एकेक टाचणी काढून टोचायची. लोक म्हणायचे, काय कामात लक्ष! खरं कारण बायकोलाच ठाऊक. तोंडात टाचण्या असल्या की कुणी बोलायला लावत नाही. मास्तर इतके अडखळत, की त्यांनी नाव सांगायला सुरुवात केली की समोरचा चहा पिऊन कप विसळून येई.

अशा माणसाला देवानं हाक मारली. भर दुपारी, इस्त्रीच्या वाफेतून. आणि सांगितलं काय? "माझ्यासाठी बोल."

"अहो, पडदे शिवून मागायचे होते त्याला," बायको म्हणाली. "नेमकं हेच सुचलं?"

मास्तर हसले नाहीत. टेबलावर चर्चच्या ठेंगण्या पाळकसाहेबांसाठी काळा झगा बेतलेला होता आणि आता बघतात तर कात्री चक्क मास्तरांच्याच उंच मापानं फिरलेली. तीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती. पाळकसाहेबांना त्यांनी दुसरा झगा दिला. हा शिवून खुंटीला लावला आणि उपदेशक होण्यासाठी चर्चच्या मंडळीकडे अर्ज केला.

मंडळीची रीत अशी, की देवानं पाचारण केलंय म्हणणाऱ्यानं पाच वडिलांसमोर, म्हणजे मंडळीच्या पंचांसमोर, उभं राहून ते तोंडी सांगायचं. कागद चालत नसे.

मास्तर उभे राहिले. "म... म... मे..."

"मेंढरू हरवलंय वाटतं," बेकरीवाले वडील म्हणाले.

"सावकाश, मास्तर," घड्याळाकडे बघत पाळकसाहेब म्हणाले. "रविवारपर्यंत वेळ आहे."

मास्तरांच्या कपाळावरून घाम ओघळला. मग त्यांना आठवलं, उपासनेत गाताना आपण कधीच अडखळत नाही. त्यांनी डोळे मिटले आणि ती दुपार, ती वाफ, तो आवाज, सगळं चालीवर गाऊन सांगितलं. एक अक्षर अडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते सलग इतकं बोलले. डोळे उघडले तर बेकरीवाले रुमालानं डोळे पुसत होते. मास्तरांचा ऊर भरून आला.

बेकरीवाले हसून हसून रडत होते.

"हाक आली की वरात?" त्यांनी कसंबसं विचारलं, आणि बाकीच्या चौघांनीही पोट धरलं.

अर्ज फेटाळला गेला. मंजूर झाला बेकरीवाल्यांच्या पुतण्याचा. त्याला तीन देवदूत दिसले होते आणि त्यानं ते न थांबता सांगितले होते.

"तुमच्याकडे झगा तयारच आहे म्हणे," पाळकसाहेब म्हणाले. "वाया कशाला घालवायचा? पोराला आखूड करून द्या."

दुसऱ्या दिवशी पुतण्या दुकानात आरशासमोर उभा राहिला. झगा वीतभर जमिनीवर लोळत होता. मास्तर खाली बसून दुमड घालू लागले.

"मास्तर, खरंच ऐकू आलं होतं तुम्हाला?" पुतण्यानं हळूच विचारलं. "मला तर काकांनी पाठ करून घेतलं. देवदूत आधी दोनच होते."

मास्तरांचा हात थांबला. कोपऱ्यातली इस्त्री फुसफुसली आणि तोच आवाज आला, अगदी स्पष्ट, अगदी जवळून. "बोल."

मास्तरांनी डबीतून आणखी चार टाचण्या घेतल्या आणि ओठांत धरल्या.