बिबट्याच्या कॅमेऱ्यातली तक्रार

एकोणीस वर्षं मी एका मोबाइल कंपनीच्या तक्रार विभागात काढली. कानाला हेडफोन लावून लोकांचं ऐकायचं आणि शेवटी "आणखी काही मदत करू का?" असं विचारायचं. पंचेचाळिसाव्या वर्षी कान ठणकायला लागले, तेव्हा वर्षभराची बिनपगारी रजा घेतली. आमचे हे म्हणाले, "तीर्थयात्रेला जातेस का?" मी म्हटलं, "नाही, बिबटे मोजायला." मानपाड्याच्या आमच्या बिल्डिंगला ही बातमी आठवडाभर पुरली.

बिबट्यांवर पीएचडी करणारी एक सव्वीस वर्षांची मुलगी आमच्या गटाची प्रमुख होती. तिनं काम समजावलं. झाडाला गुडघ्याच्या उंचीवर एक हिरवट डबा बांधायचा. त्याच्यासमोर काही हललं की लाल दिवा लागतो आणि वीस सेकंदांचा व्हिडिओ निघतो, आवाजासकट. दर रविवारी ठाण्यातल्याच वर्तकनगरच्या मागे डोंगराला लागून असलेल्या एका पाड्यावर जायचं, डब्यातलं कार्ड बदलायचं आणि घरी बसून प्रत्येक व्हिडिओपुढे लिहायचं: कुत्रा, गाय, फांदी. "शांत काम आहे, ताई," ती म्हणाली. मला तेच हवं होतं.

तिसऱ्या रविवारच्या कार्डात एक आजोबा निघाले. पांढरी टोपी, हातात काठी. डब्यासमोर उकिडवे बसले, हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार सायेब. आमचे नलाला पानी नाय. आठ दिस झाले. नवीन पाइप टाकला तवापासून..." वीस सेकंद संपले.

दुसऱ्या दिवशीच्या व्हिडिओत ते परत आले आणि तिथूनच पुढे बोलायला लागले. चौथ्या दिवसापर्यंत त्यांना लाल दिव्याचा अंदाज आलेला. दिवा विझायच्या आत नमस्कार, तक्रार आणि पुन्हा नमस्कार, सगळं बसायचं. इतकी नेमकी तक्रार मी एकोणीस वर्षांत ऐकली नव्हती.

पुढच्या कार्डात त्यांच्यामागे रांग होती. एका बाईला गल्लीत दिवा हवा होता. एकीला रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं होतं. एकानं लेखी अर्जच आणून डब्यासमोर धरला. उलटा धरलाय असं मागच्यानं सांगितल्यावर त्यानं तो सुलटा केला.

"माणसांचे व्हिडिओ डिलीट करायचे, ताई. नियम आहे," मुलगी म्हणाली.

मी डिलीट केले, पण आधी सगळ्या तक्रारी वहीत उतरवून घेतल्या आणि सवयीनं त्यांना नंबरही दिले. ह्यांनी वही चाळली आणि विचारलं, "तू रजेवर आहेस ना?"

पुढच्या रविवारी ती मुलगीही सोबत होती. डब्यासमोरच्या रांगेतच मी आजोबांना गाठलं आणि खरं काय ते सांगितलं. हा डबा सरकारचा नाही, आत कुणी साहेब नाही, हा बिबट्यासाठी आहे.

आजोबांनी काठीनं डब्यावर टकटक केली. मग म्हणाले, "वाघासाठी? मंग हितं कशाला बांधलाव? हितं सगला गाव उभा असतो, तो कशाला येल?"

"मग कुठे येतो?"

"पान्याचे टाकीचे पाठी. रोज येतो."

डब्याची ही जागा ठरवायला मुलीनं दोन महिने नकाशे काढले होते. ती डबा सोडायला लागली. रांगेतल्या बायका अस्वस्थ झाल्या. "आता आमी कोनाला सांगायचा?" एकीनं विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पिशवीतून वही काढली. काय करणार होते?

आठ दिवसांनी टाकीमागचं कार्ड उघडलं, तर पहिल्याच व्हिडिओत बिबट्या. चांगला मोठा नर. मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. तो आरामात आला, मान खाली घातली आणि जमिनीतून वर उडणारी पाण्याची धार चाटायला लागला. नव्या पाइपचा जोड तिथे फुटला होता.

तो व्हिडिओ घेऊन मी आणि आजोबा पाणीखात्यात गेलो. तिथल्या इंजिनिअरनं तो तीनदा बघितला, शिपायाला बोलावून चौथ्यांदा बघितला आणि म्हणाला, "काय जनावर आहे."

"साहेब, पाइप बघा," मी म्हटलं.

"अर्जदार कोण?"

आजोबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ह्यो. आनी मी."

इंजिनिअर हसला नाही. त्यानं आजोबांचं नाव लिहून घेतलं, व्हिडिओ पुरावा म्हणून जोडायला सांगितला, आणि वन्यप्राण्याला त्रास न होता काम करावं असा शेराही मारला. दोन दिवसांत जोड बदलला. पाड्यात पाणी आलं.

बिबट्या मात्र यायचा बंद झाला. सलग तीन कार्डांत फक्त फांदी. मुलगी माझ्याशी तुटक बोलायला लागली. तिचा एकमेव नर माझ्यामुळे गेला होता, आणि ते खोटंही नव्हतं. शेवटी ती एकटीच आजोबांकडे गेली, आता तो पाणी कुठे पितो ते विचारायला. आजोबांनी तिला चहा पाजला आणि ओढ्यापलीकडची जागा दाखवली. रविवारी आम्ही दोघी तिथे डबा बांधायला निघालो. चढ अवघड होता. बॅटऱ्यांची पिशवी मी उचलली, ती पुढे चालत राहिली. अर्ध्या वाटेत थांबून तिनं वळून न बघताच हात मागे केला आणि मला वर ओढून घेतलं.